चोरटी शिकार : एका चित्रकला शिक्षकाचे मनोगत

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



वन्य प्राण्यांच्या चोरट्या शिकारीविषयी यंदाच्या मेळाव्यात कोणी तरी बोलावे अशी कार्यकारिणीची इच्छा आहे आणि ते काम तुम्ही करावे, असे चिटणीस साहेबांनी मला फोनवर सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी चित्रकलेचा शिक्षक. मुलांना पेरू, सुरई आणि तांब्या काढायला शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. जंगल मी पाहिले ते निसर्गचित्राच्या कागदावर. तेव्हा एखाद्या वनाधिकाऱ्याला बोलवा, असे मी सुचवले. त्यावर ते म्हणाले, "वनाधिकारी आले तर कायदा सांगतील. तुम्ही त्या ब्रशांचे सांगा." ब्रशांची ती हकीकत मी एकदा त्यांच्याजवळ बोलून गेलो होतो. त्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

तर आधी ब्रशांचेच सांगतो.

ह्या सभागृहात बसलेल्या पालकांपैकी कित्येक जण माझे विद्यार्थी होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या सरकारी ग्रेड परीक्षांना आम्ही मुले बसवत असू, तेव्हा मी साहित्याची यादी देत असे. त्या यादीत दोन ब्रश असत, एक बारीक आणि एक जाड. त्यापुढे मी कंसात लिहीत असे, "शक्यतो मुंगुसाच्या केसांचा." ह्याला कारण होते. मुंगुसाचा केस ताठ असतो, पाण्यात भिजला तरी गळाठून पडत नाही, आणि त्याचे टोक शेवटपर्यंत टोकच राहते. पानाची शीर एका दमात ओढायची तर त्याच्यासारखा ब्रश नाही. हे मी आजही नाकारणार नाही. जी वस्तू वाईट मार्गाने येते ती कामालाही वाईटच असते असे नाही. तसे असते तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता.

१९९४ च्या सुमारास सातवीच्या वर्गात एका मुलाने उभे राहून मला विचारले, "सर, हे केस काढायला मुंगुसाला मारतात काय?" मुलगा हुशार नव्हता, पण डोक्यात आलेला प्रश्न गिळून बसणाऱ्यांपैकीही नव्हता. मी म्हणालो, "नाही रे. मेंढीची लोकर कातरतात ना, तसे केस कातरून घेतात." मुलगा खाली बसला. वर्ग पुढे चालू झाला.

हे मला कोणी सांगितले होते? कोणीही नाही. कुठे वाचले होते? कुठेही नाही. मुलाने विचारले म्हणून मी क्षणात उत्तर तयार केले, आणि शिक्षकाच्या तोंडून आले म्हणून ते खरे ठरले. त्या वर्गात चाळीसच्या वर मुले होती. त्यानंतर कित्येक वर्षे मी स्वतःही तेच खरे मानून चाललो. २०१९ साली, निवृत्त झाल्यावर, वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने मुंगुसाच्या केसांच्या व्यापाराविरुद्ध मोहीम काढली होती आणि उत्तर प्रदेशात, बिजनौर जिल्ह्यातील शेरकोट ह्या ब्रशांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, धाडी घालून मुंगुसाचे केस आणि हजारो ब्रश जप्त केले होते. त्या मोहिमेचे नाव होते "ऑपरेशन क्लीन आर्ट". म्हणजे स्वच्छ कला. नाव वाचून मला वाटले, ही बातमी दुसऱ्या कोणासाठी नाही, माझ्याचसाठी छापली आहे.

मग मी माहिती काढू लागलो. मुंगुसाचे केस कोणी कातरत नाही. एवढे चपळ आणि चावरे जनावर हातात धरून त्याचे केस कातरणार तरी कोण? त्याला फासात धरतात, काठीने मारतात, कातडे काढतात आणि मग केस उपटतात. एका जनावरापासून कामाचे केस निघतात ते मूठभरही नाहीत. एक किलो केस जमवायचे तर पन्नासच्या आसपास मुंगसे मारावी लागतात. ज्या मुंगुसाचे दर्शन आपल्याकडे शुभ मानतात, आणि शेतातले उंदीर आणि साप खाऊन जे शेतकऱ्याचे कामच करते, त्याची ही गत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुंगूस पूर्वी खालच्या अनुसूचीत होते. २००२ साली त्याला वर, दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात घेतले, जेथील गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद होती. केसांचा व्यापार बेकायदा ठरला. माझी यादी मात्र कंसासकट तशीच चालू होती, कारण ती दर जूनला मागच्या वर्षीच्या यादीवरून उतरवून काढली जात असे.

चोरटी शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मिशावाला, बंदूकवाला, रात्रीच्या अंधारात जंगलात शिरणारा माणूस येतो. मुंगुसाच्या बाबतीत त्या माणसाला काय मिळते हे पाहा. मुंगूस धरणारे बहुतेक भटके लोक. देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या जमाती हे काम करत आल्या. कातडे घेऊन जाणारा मध्यस्थ त्यांना जे देतो ते दोन दिवसांच्या पिठामिठाला पुरते. मध्यस्थ ते मोठ्या व्यापाऱ्याला विकतो, तेथून केस ब्रशाच्या गावी जातात, तेथे घरोघरच्या बाया आणि पोरे ते मोजून, जुळवून, दोऱ्याने बांधून ब्रश तयार करतात आणि त्यांना नगावर मजुरी मिळते. मग ठोक दुकानदार, किरकोळ दुकानदार, आणि शेवटी एका शाळेतला एक शिक्षक, जो यादीत लिहितो, "शक्यतो मुंगुसाच्या केसांचा." ह्या साखळीत पैसा मधल्या दोघातिघांपाशी राहतो, आणि पोलीस येतात तेव्हा सापडतो तो बहुधा पहिला.

येथे एक गोष्ट बोलणे अगत्याचे वाटते. आपल्या महाराष्ट्रात फासेपारधी नावाची जमात आहे. फासे लावून तितर, लावे, हरणे धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. जमातीच्या नावातच तो आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि देशातल्या कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या; पारधीही त्या शिक्क्यातून सुटले नाहीत. १९५२ साली तो कायदा गेला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि तो यायलाच हवा होता. पण ज्या माणसाला फासा लावण्यापलीकडे दुसरे काही शिकवलेलेच नाही, ज्याला जमीन नाही, ज्याच्या मुलाला शाळेत बाकावर शेजारी कोणी बसू देत नाही, त्याने उद्यापासून काय करायचे, हे त्या वेळी पुरेसे कोणी पाहिले नाही. व्यापाऱ्याने पाहिले. त्याला जंगल जाणणारा, कमी पैशांत काम करणारा आणि पकडला गेला तर ज्याची बाजू घ्यायला कोणी उभे राहणार नाही असा माणूस हवाच होता. एका माणसाच्या गुन्ह्यापायी त्याच्या साऱ्या जमातीकडे संशयाने पाहायचे, ही रीत किती अन्यायाची असते हे मी आपणा मंडळींना समजावून सांगावे असे नाही.

गरिबी हे कारण सांगितले की आपल्याला थोडे मोकळे वाटते, कारण मग दोष आपल्या घरापासून लांब जातो. म्हणून आता जवळचे बोलतो, आणि वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

आपल्या कोकणात मे महिन्यात गावे भरतात. मुंबईची मंडळी येतात, आखातातून सुट्टीवर आलेले येतात. दिवसा आंबे, फणस आणि लग्ने; आणि रात्री, आपण सर्व जाणता, कोणाची तरी जीप निघते. जुन्या काळी पीक संरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली वडिलांची किंवा चुलत्याची बंदूक बाहेर येते. झगझगीत दिव्याच्या झोतात ससा किंवा भेकर दिपून उभे राहते. ह्यात कोणाच्या पोटाचा प्रश्न नसतो. ज्याला बाजारात हवे तितके मटण घेता येते तोच हा खर्च करतो. का? तर गंमत म्हणून, आणि उद्या पंगतीत सांगायला म्हणून. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले, तेव्हा ही गंमत उघड गुन्हा आहे. मी स्वतः तरुणपणी एका स्नेह्याच्या घरी भेकराचे मटण खाल्ले आहे. कसले आहे हे मला सांगितले होते, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतले होते. ही लपवण्यासारखी गोष्ट खरी, पण ब्रशाचे सांगितले आणि हे राखले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

शेतकऱ्याचे प्रकरण ह्याहून वेगळे आहे, आणि त्याला एका मापाने मोजू नये. डुकरांचा कळप एका रात्रीत नाचणीचे किंवा भाताचे जे करतो ते ज्याने सकाळी बांधावर उभे राहून पाहिले आहे त्यालाच कळते. नुकसानभरपाई मिळते; परंतु अर्ज, पंचनामा, सातबारा, खेपा ह्या सगळ्यातून ती येईपर्यंत पुढची पेरणी येते. मग तो काय करतो? मोटारसायकलच्या क्लचची तार घेतो आणि डुकराच्या वाटेवर फासकी लावतो. फासकीला मात्र डुक्कर ओळखता येत नाही. त्या वाटेने बिबट्या गेला तर बिबट्याच्या कमरेला तार आवळते. सुटण्यासाठी जितका झटतो तितकी ती मांसात जाते. कोकणातल्या वर्तमानपत्रांत अशी बातमी वारंवार येते. लावणाऱ्याला बिबट्या मारायचा नव्हता. पण मेलेल्या बिबट्याला गिऱ्हाईक असते हे आजूबाजूला कोणाला तरी ठाऊक असते, आणि मग एखाद्या रात्री नखे आणि दात नाहीसे होतात. अपघात आणि धंदा ह्यांमधली भिंत फार पातळ आहे.

खवले मांजराचीही तीच गत. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारे हे बिचारे जनावर, भ्याले म्हणजे पळतसुद्धा नाही, नुसते चेंडूसारखे गुंडाळून बसते. माणूस येऊन उचलून पिशवीत घालतो. त्याची खवले औषधी आहेत अशा समजुतीने चीन आणि व्हिएतनामच्या बाजारांत त्यांना किंमत आली. वास्तविक खवले म्हणजे ज्या द्रव्याची आपली नखे बनलेली असतात तेच द्रव्य. आपल्याच नखांचा काढा कोणी पैसे देऊन प्यायला तयार होईल काय? परंतु समजुतीपुढे शास्त्र हात टेकते. २०१६ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये खवले मांजराच्या सर्व जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले, आणि २०२० साली चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून त्याची खवले वगळली. कोकणातल्या एखाद्या वाडीत रात्री पिशवी घेऊन निघणाऱ्या माणसाचे भाग्य अशा दूरच्या कागदांवर ठरत असते.

आता कोणी विचारील, मग कायदा कशाला आहे? वनरक्षक कशाला आहेत? प्रश्न रास्त आहे. राजस्थानातील सरिस्का हे जंगल १९७८ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे चौक्या होत्या, पहारेकरी होते, कागदावर वाघांची संख्याही होती. २००४ साली तेथे एकही वाघ उरला नव्हता. चोरट्या शिकाऱ्यांनी शेवटचा वाघसुद्धा नेला होता. सारा देश हादरला. २००५ साली पंतप्रधानांनी सुनीता नारायण ह्यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. त्यातून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो ह्या संस्था उभ्या राहिल्या, मोजण्याची पद्धत बदलली, पहारा कडक झाला. २००६ च्या गणनेत देशभर अंदाजे १,४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेचा अंदाज ३,६८२ आहे. तेव्हा पहाऱ्याने काही होत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र पहारा फक्त राखीव जंगलापुरता पोचतो. मुंगूस, ससा, खवले मांजर, हे तर आपल्या बांधावर राहतात. प्रत्येक बांधावर वनरक्षक उभा करणारे सरकार अजून जन्माला आलेले नाही.

म्हणून मला एक दूरची हकीकत सांगायची आहे. ती नागालँडमधली आहे. मी तेथे गेलेलो नाही, परंतु ह्या विषयाचे जे काही मी वाचले त्यात मला सर्वांत अधिक उमेद देणारी हकीकत हीच वाटली.

अमूर ससाणा नावाचा एक शिकारी पक्षी आहे. आपल्या कबुतरापेक्षा लहान, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. सैबेरिया आणि उत्तर चीनमध्ये त्याची पिले होतात, आणि हिवाळ्यासाठी तो थेट दक्षिण आफ्रिकेत जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखो ससाणे नागालँडात उतरतात, वाळवीचे पंखवाले किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात, आणि मग भारत आणि अरबी समुद्र एका दमात ओलांडतात. आपल्या महाराष्ट्रावरूनही ते जातात. आपण मान वर करून पाहत नाही इतकेच.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले आणि २००० सालापासून तेथे वीज निर्माण होऊ लागली. पांगती आणि आसपासच्या गावांची चांगली शेतजमीन पाण्याखाली गेली. लोकांनी शेती सोडून जलाशयात मासेमारी धरली, म्हणजे घरोघर जाळी आली. आणि नेमक्या त्याच जलाशयाच्या काठच्या झाडांवर रात्री ससाणे लाखांनी वस्तीला येऊ लागले. जमीन गेलेली, जाळे हाताशी, आणि पक्षी आभाळातून आपण होऊन खाली येणारे. मासे धरायचे जाळे झाडांमध्ये उभे बांधले की काम झाले. पक्षी सोलून, धुरावर वाळवून बाजारात विकू लागले. २०१२ च्या ऑक्टोबरात पत्रकार बानो हरालू, पक्षी अभ्यासक शशांक दळवी आणि त्यांचे सहकारी तेथे पोचले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे भर हंगामात दररोज बारा ते चौदा हजार ससाणे मारले जात होते. त्या एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. त्यांनी घेतलेली चित्रफीत जगभर गेली. फार मोठी नाचक्की झाली.

आता पाहा, येथे कायद्याचा बडगा उगारणे सोपे होते. पण नागालँडात जमीन आणि जंगल बहुतांशी सरकारचे नाही, गावाचे आहे. गावच्या मंडळीने मनावर घेतल्याशिवाय तेथे पान हलत नाही. म्हणून वनखात्याचे लोक, हरालूबाई आणि इतर संस्था गावात जाऊन बसल्या. हे पक्षी कोठून येतात, कोठे जातात हे त्यांनी लोकांना सांगितले. तोवर कोणी सांगितलेच नव्हते. चर्चच्या धर्मोपदेशकांना बोलते केले. ज्यांचे उत्पन्न बुडणार होते त्यांच्यासाठी कोंबड्या, डुकरे पाळण्यासारखे दुसरे उद्योग सुचवले आणि काहींना सुरू करून दिले. गावांच्या मंडळांनी ठराव करून ससाणा मारायला बंदी केली, दंड ठरवला. आणि मुलांसाठी निसर्ग मंडळे काढली, ज्यांत गावातल्याच शिक्षकांनी शिकवले. शिक्षक म्हणून मला ह्या शेवटच्या गोष्टीचे विशेष वाटते. ज्या मुलाला ससाण्याचा नकाशा काढता येतो त्याच्यासमोर बापाला जाळे बांधणे अवघड जात असणार.

पुढच्याच वर्षी, २०१३ च्या हंगामात, तेथे एकही ससाणा मारला गेल्याची नोंद झाली नाही. एका वर्षात सव्वा लाखावरून शून्य. त्याच नोव्हेंबरात शास्त्रज्ञांनी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली हलकी यंत्रे बसवली आणि त्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी आज अरबी समुद्रावर आहे, आज आफ्रिकेत पोचला, हे गाव वाचू लागले. ज्यांनी जाळी बांधली होती त्यांच्यापैकीच कित्येक राखणदार झाले. पक्षी केव्हा येतात, कोणत्या झाडावर बसतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

मंडळी, शिकाऱ्याचे ज्ञान वाया जाऊ देऊ नये, हे मला येथे फार महत्त्वाचे वाटते. आपल्या मुंबईच्या डॉ. सलीम अलींचे उदाहरण पाहा. १८९६ चा जन्म. शिकारीचा नाद असलेल्या मामांच्या घरी वाढलेला पोरका मुलगा, हातात छऱ्यांची बंदूक. त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याखाली पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, असे त्याने विचारले. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तेथले चिटणीस मिलार्ड ह्यांनी त्या पोराला हाकलून न देता भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. पुढचे सर्व जग जाणते. मिलार्ड साहेबांनी त्या दिवशी माझ्यासारखे उत्तर दिले असते तर काय झाले असते, हा विचार मला हल्ली वारंवार छळतो.

नागालँड लांब वाटत असेल तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास पाहावे. समुद्रकासवे तेथे वाळूत अंडी घालतात, आणि ती अंडी माणसे खणून नेत, खात, विकत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तेथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पिले समुद्रात जाताना पाहायला शहरातली माणसे येऊ लागली आणि गावातल्या घरांतून राहू-जेवू लागली. जी अंडी एकदा विकून संपत, त्यांच्यापासून दर वर्षी चार पैसे येऊ लागले. अर्थात पाहुण्यांचे पैसे सगळ्या घरांना सारखे मिळतात असे कोठेच होत नाही, आणि ज्याच्या वाट्याला काही आले नाही त्याची कुरकुर खोटी म्हणू नये. पांगतीतही तशी कुरकुर आहे. दिलेला शब्द पाळला गेला नाही तर जाळे पुन्हा बाहेर निघायला वेळ लागत नाही.

राहता राहिला गिऱ्हाइकाचा हात. तिबेटातल्या चिरू नावाच्या काळविटाच्या लोकरीपासून शाहतूश शाल होत असे. झुडपांना अडकलेली लोकर वेचून आणतात, असे विकणारे सांगत आणि घेणारे मानत. खरी गोष्ट अशी की एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मारले जात. माझ्या "कातरून घेतात" ह्या उत्तराचीच ही थोरली बहीण. घेणाऱ्याला सुखाने घेता यावे म्हणून अशा गोष्टी तयार होतात. हस्तिदंताचेही तसेच. १९८९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले, तरी मोठी बाजारपेठ चीनमध्ये उघडी होती. २०१७ च्या अखेरीस चीनने आपला देशांतर्गत व्यापारही बंद केला. वाघाचे नख सोन्यात मढवून बाळाच्या गळ्यात घालण्याची हौस आपल्याकडेही काही घरांत होती. अशी जुनी वस्तू कोणाच्या पेटीत असेल तर ती विकू नये, कोणाला भेटही देऊ नये; नोंदीवाचून बाळगणेसुद्धा गुन्हा आहे.

माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात तेवीस ब्रश निघाले. मुंगुसाचा केस ओळखणे अवघड नाही: एकाच केसावर फिकट आणि तपकिरी पट्टे असतात आणि टोक गडद असते. नायलॉनचा केस सबंध एका रंगाचा. डबा घेऊन मी वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. तेथल्या तरुण अधिकाऱ्याने ब्रश मोजून घेतले, कागदावर माझी सही घेतली आणि विचारले, "सर, एवढे कशाला जमवले होते?" मी म्हणालो, "शिकवत होतो." त्यावर त्याला काय बोलावे सुचले नाही आणि मलाही.

तो सातवीतला मुलगा आज आखातात आहे. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला असता मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो आणि सांगितले की बाबा, तुझ्या प्रश्नाचे मी चुकीचे उत्तर दिले होते, मुंगुसाला मारतात. तो हसला. म्हणाला, "सर, मला आठवतसुद्धा नाही." त्याची मुलगी आपल्याच शाळेत पाचवीला आहे, ती शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, "मग बंद का नाही करत?"

ह्या वर्षापासून आपल्या शाळेच्या साहित्याच्या यादीत नायलॉनचे ब्रश लिहिले आहेत. ते स्वस्त आहेत, तेव्हा मातांनी काळजी करू नये. रेघ थोडी जाड येते, ती सवयीने बारीक होते. ज्यांच्या घरी जुने ब्रश असतील त्यांनी ते चित्रकलेच्या सरांकडे आणून द्यावेत. एकदम जमा करण्याविषयी कार्यालयाशी बोलणे झालेले आहे. आणि फासकी किंवा अडकलेले जनावर दिसले तर स्वतः जवळ न जाता वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. मे महिन्यातल्या जीपविषयी मी कोणाचे नाव घेतलेले नाही आणि घेणारही नाही. ज्यांची आहे ते समोरच बसले आहेत.

यादी बाहेरच्या फलकावर लावली आहे, जाताना पाहावी.